उताऱ्याची कुळकथा

चांदवड सोडून मालेगावकडे निघालं की आग्रा रोडला राहुड घाट लागतो. या पट्ट्यातल्या एखाद्या ढाब्यावर रात्री अकराला बसा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: "दादा, याला जरा कडक काळी कॉफी द्या, उतरेल लगेच." कॉफी येते. साखर ढवळताना त्या माणसाचा चमचा दोनदा कपाबाहेर जातो. कप रिकामा होतो, तोंडावर पाणी मारलं जातं, डोळे टक्क उघडे दिसतात आणि गाडीची चावी पुन्हा त्याच्याच हातात येते. या चावीची मला भीती वाटते.

कॉफी हा दारूवरचा उतारा, ही समजूत आली कुठून?

या दोघींचं नातं शब्दापासूनच गुंतलेलं आहे. अरबीत 'कहवा' हे आधी मद्याचं एक नाव होतं. पंधराव्या शतकात येमेनमधले सुफी रात्रभर जप करायला जागं राहता यावं म्हणून कॉफी पिऊ लागले आणि मद्याचं नाव या नव्या पेयाला मिळालं. 'अल्कोहोल' हा शब्दही मुळात अरबीच. 'अल्-कुह्ल' म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा. त्याच्या बारीक पुडीवरून कुठल्याही अर्काला तो शब्द लागला आणि शेवटी दारूच्या अर्कालाच चिकटला.

सतराव्या शतकात कॉफी लंडनला पोचली ती डोकं ताळ्यावर ठेवणारं पेय म्हणून. पण 1674 साली तिथे बायकांच्या नावाने एक पत्रक निघालं. त्यातली तक्रार अशी, की पुरुष गुत्त्यात झिंगतात, उतरवायला कॉफीच्या दुकानात जातात आणि तिथून पुन्हा गुत्त्यात. पत्रकाचा सूर चावरा आहे, पण निरीक्षण अचूक आहे. उतारा म्हणून घेतलेली कॉफी पुढच्या प्याल्याची सोय करत होती.

पुढची पायरी म्हणजे दोन्ही एकाच बाटलीत. अमेरिकेत अटलांटाच्या जॉन पेंबर्टन या औषधविक्याने 1885 साली 'फ्रेंच वाइन कोका' काढलं. त्यात वाइन होती, कोकाची पानं होती आणि कॅफिन असलेलं कोला फळही. तेवढ्यात अटलांटात दारूबंदीचा कौल लागला. पेंबर्टनने वाइन काढून टाकली, साखरेचा पाक घातला आणि 1886 च्या मे महिन्यात कोका-कोला विकायला आलं. म्हणजे कोलाच्या घराण्याचा मूळपुरुषच दारू आणि कॅफिनचं मिश्रण होता. कंपनीने दारू वगळली, पिणाऱ्यांनी ती ग्लासात परत ओतली. आपल्याकडे 1977 मध्ये कोका-कोला देशाबाहेर गेलं, थम्सअप आलं आणि रमला जोडीदार मिळाला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोलातलं कॅफिन तसं थोडं, 300 मिलीत साधारण तीसेक मिलिग्रॅम. खरी गडबड एनर्जी ड्रिंकने केली. आपल्या कायद्याने त्यात लिटरला 300 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत 75 पर्यंत. अमेरिकेत 'फोर लोको' नावाच्या डब्यात दारू आणि कॅफिन तयारच मिसळून मिळायचं. एका डब्यात चारेक बिअरइतकी दारू. ऑक्टोबर 2010 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका पार्टीनंतर नऊ विद्यार्थी दवाखान्यात पोचले. नोव्हेंबरमध्ये तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने अशा चार कंपन्यांना नोटीस दिली आणि डब्यातून कॅफिन गेलं. व्होडकात एनर्जी ड्रिंक घालणं मात्र गेलं नाही. ते आता आपल्या तालुक्यांपर्यंत आलंय.

शरीरात काय होतं ते एसटीच्या भाषेत सांगतो. दिवसभराच्या कामाने मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठतं. ते आपल्या जागेवर बसलं की झोप येते, आणि दारूने ते आणखी वाढतं. कॅफिन येतं आणि त्या सीटवर रुमाल टाकून जागा अडवतं. अ‍ॅडेनोसिन गाडीतून उतरलेलं नसतं, दांड्याला धरून उभं असतं. म्हणून झापड येत नाही. पण हात, नजर, अंतराचा अंदाज आणि ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ, हे सगळं दारूच्याच ताब्यात असतं. झापड हा शरीराने घातलेला आवर. तो गेला की माणूस आणखी दोन पेग घेतो, छातीतली धडधड वाढते आणि "मी एकदम ठीक आहे" हे तो मनापासून म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, म्हणूनच त्याला थांबवणं अवघड. काही तासांनी कॅफिन उठतं, उभी असलेली सगळी झोप एकदम खाली बसते, आणि तेव्हा तो घाटात असू शकतो.

दारू उतरवण्याचं काम यकृताचं, आणि ते कुणाच्या घाईने चालत नाही. तासाला सात ते दहा ग्रॅम. एका क्वार्टरमध्ये साठेक ग्रॅम. रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पूर्ण जायला पहाटेचे चार ते सकाळचे सात. कॉफीचे चार कप प्यायले तरी हे घड्याळ मिनिटभरही पुढे सरकत नाही. मोटार वाहन कायद्याची 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादाही डोळे उघडे आहेत का हे विचारत नाही.

जुलै 2024 मध्ये नाशिक पदवीधरचे आमदार सत्यजीत तांबे यांनी विधान परिषदेत एनर्जी ड्रिंकचा प्रश्न काढला. शाळांपासून 500 मीटरच्या आत जास्त कॅफिनची पेयं विकू देणार नाही, असं मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी सांगितलं. पाऊल चांगलं आहे, पण ढाब्यावरचा ग्लास त्याच्या कक्षेत येत नाही.

घाटाअलीकडे एका ढाब्यावर मात्र गल्ल्यामागे खिळे ठोकलेत. तिथल्या नानांकडे कुणी उतरवायला कॉफी मागितली की ते आधी चावी मागतात. ती खिळ्याला लावतात, बाहेरच्या खाटेवर गोधडी टाकतात. कॉफी देत नाहीत. सकाळी सातला चहा देतात, आणि चहासोबत चावी.