अणुभट्टीपासून शाळेपर्यंत : डॉ. भा. मा. उदगावकर

भालचंद्र माधव उदगावकर (१९२७-२०१४) हे १९४९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. ट्रॉम्बे येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी १९५६ साली कार्यान्वित झाली. अणुभट्टीच्या भौतिकीचा पाया घालणाऱ्या आपल्याकडील आरंभीच्या अभ्यासकांत त्यांची गणना होते. पुढे ते मूलकणांच्या सिद्धान्ताकडे वळले. अशा विद्वानाने १९७२ साली होशंगाबादच्या ग्रामीण शाळांत सुरू झालेल्या विज्ञानशिक्षणाच्या उपक्रमास साहाय्य करावे, हे काहींस विषयांतर वाटेल. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विशेष ध्यानी घ्यावी. ‘विखंडन’, ‘शृंखला-अभिक्रिया’ हे शब्द संस्कृत धातूंपासून सहज घडतात, आणि तितक्याच सहजतेने मुले ते अर्थावाचून पाठ करतात. होशंगाबादेत घोकंपट्टीऐवजी मुलांच्या हाती प्रयोगसाहित्य दिले गेले.