पोत्यातलं मांजर

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आम्ही चौघं विष्णुपुरीत एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. मार्च संपता संपता घरमालकीण काकूंच्या मांजरीला जिन्याखाली चार पिल्लं झाली. मे महिन्यात ती दुधाच्या पातेल्यापर्यंत पोचायला लागली, तेव्हा काकूंनी आमच्या हातात ज्वारीचं रिकामं पोतं दिलं. "लांब सोडून या बाबा. अन् वाटंत तोंड उघडू नका, रस्ता बघून ठेवतेत." दोन बाइकवर आम्ही धरणाच्या जलाशयाकाठी गेलो. उन्हाळ्यानं पाणी मागे हटलेलं, मोकळी जमीन पडलेली. तिथं पोतं उलटं केलं. डोक्यावर एक टिटवी जिवाच्या आकांतानं ओरडत घिरट्या घालत होती. आम्ही हसलो आणि येताना चहा प्यायलो.

टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मध्ये अंडी घालते आणि घरट्याजवळ कुणी आलं की अशीच ओरडते, हे मी बऱ्याच वर्षांनी वाचलं.

काकू क्रूर नव्हत्या. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. सोन्याचं मांजर कुणाला परवडतं? म्हणून मारायचं नाही, सोडून यायचं. पाप लागत नाही आणि दूधही वाचतं. ही युक्ती मला काकूंची वाटायची. पण जवळपास दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत ती थेट सरकारदरबारी मंजूर झाली होती.

भटकी कुत्री उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत मारायची, असा नियम मुंबईत 1813 पासून होता. 1832 मध्ये ही मुदत 15 जूनपर्यंत वाढवली गेली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं गेलं. आठ आण्यांसाठी लोक काय करतील ते सांगायला नको. अंगणातली, मालकाच्या दारातली कुत्रीही उचलली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा विधी आहे. 6 जूनला, त्यांच्या एका पवित्र दिवशी, फोर्टमध्ये जमावानं कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. त्यात हिंदू, जैन, मुसलमानही सामील झाले. कुलाब्याच्या गोऱ्या सैनिकांचं पाणी आणि पाव अडवला गेला. दंगल मोडली, लोकांना शिक्षा झाल्या, जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली. शेवटी सरकारनं नियमच बदलला: कुत्री मारायची नाहीत, शहराबाहेर न्यायची. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं मुंबईत पांजरापोळ उभा राहिला. जनावराला पोसायची जबाबदारी कुणीतरी अंगावर घेतली, म्हणून मला त्या गोष्टीतला हा भाग जास्त मोलाचा वाटतो.

पण 'शहराबाहेर' म्हणजे कुठे? तिथे कोण राहतं, हे त्या तडजोडीत कुणी विचारलं नसावं. आम्हीही विचारलं नव्हतं.

आपल्या भागापुरतं याचं उत्तर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर मिळतं. माळढोकासाठी 1979 मध्ये इथे अभयारण्य झालं. गवत, काटेरी झुडपं, बाहेरून बघणाऱ्याला पडीकच वाटावी अशी जमीन. तिथे खोकड राहतं, म्हणजे आपला छोटा कोल्हा. अबी वनक या संशोधकानं सहकाऱ्यांबरोबर खोकडांवर एक साधा प्रयोग केला. तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. खोकडांसाठी अन्नाच्या थाळ्या ठेवल्या आणि काही वेळा जवळ एक जिवंत कुत्रा ठेवला. कुत्रा दिसला तरी खोकडं थाळीकडे यायची, पण तिथे फार कमी वेळ थांबायची. कुत्र्यानं काहीच केलेलं नसताना त्यांच्या पोटात जाणारं अन्न खूप घटलं. चावा तर पुढची गोष्ट.

मांजराचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण मांजर आपणच मुद्दाम वाढवलं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे राज्यभर पसरला. उंदीर आणि पिसू यांचा संबंध उलगडत गेला, तसा अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगावची मांजरं मोजायला सुरुवात केली. ज्या गावांत मांजरं भरपूर, तिथं प्लेग कमी, असं त्यांचं म्हणणं होतं. 1908 मध्ये ते त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडलं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात मांजरांची मोजणी झाली ती 'अजून हवीत' म्हणून. 2019 मध्ये मुंबई महापालिकेनं मांजरांची नसबंदी सुरू केली, ती 'आता पुरे' म्हणून.

'उंदरांसाठी मांजर' हा हिशेब किती लांब जाऊ शकतो, ते हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडच्या मॅरियन बेटावर दिसलं. 1949 मध्ये तिथल्या हवामान केंद्रात उंदरांच्या बंदोबस्तासाठी पाच मांजरं आणली. 1970 च्या दशकात त्यांची संख्या हजारांत गेली आणि बिळात घरटी करणारे समुद्रपक्षी वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास मारले जाऊ लागले. मग विषाणू सोडला, बंदुका वापरल्या, सापळे लावले. 1991 पर्यंत सगळी मांजरं संपवली. उंदीर मात्र उरले, आणि आता तेच अल्बाट्रॉसच्या पिल्लांना जिवंतपणी कुरतडतात. कोडमध्ये घाईघाईनं बसवलेलं ठिगळ दहा ठिकाणी कसं फुटतं ते मी रोज बघतो, पण त्यात कुणाचा जीव जात नाही.

आपल्याकडे 2001 च्या नियमांनी कुत्र्यांपुरता वेगळा मार्ग ठरवला: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा. 1832 च्या 'शहराबाहेर'ला हे उत्तर मिळायला 169 वर्षं लागली. शहरातल्या मांजरांसाठीही मला हाच मार्ग योग्य वाटतो. त्यात रक्तपात नाही आणि प्रश्न दुसऱ्याच्या शिवारात ढकलला जात नाही. पण माळाच्या किंवा पाण्याच्या कडेला तो अपुरा आहे, हेही मान्य करायला हवं. नसबंदीनं पिल्लं थांबतात, नखं बोथट होत नाहीत. नसबंदी केलेलं मांजरही चंडोलाच्या घरट्यापर्यंत पोचतंच. अशा जागी मांजर परत सोडण्यापेक्षा त्याला घर शोधून देणं, आणि निदान पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत पाळलेलं मांजर घरात ठेवणं, हेच भूतदयेला धरून होईल. मांजरावर दया आणि टिटवीवर नाही, हा कुठला न्याय?

आणि सोडून येणं? 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावर उपासमारीनं तडफडेल अशा स्थितीत टाकून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. त्या दिवशी आमचं पेट्रोलच त्याहून जास्त लागलं असेल. पिल्लांची आई त्यानंतर तीन रात्री जिन्यात ओरडत फिरली आणि चौथ्या दिवशी दुधाला तोंड लावलं.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. त्या मांजरीच्या वंशातली की दुसरीच कुठली, ठाऊक नाही, पण जिन्याखाली पुन्हा पिल्लं आहेत, या वेळी तीन. "सुट्टीला येणार हाईस का? पोतं काढून ठेवते." मी त्यांना ऑपरेशनचं सांगितलं, पिल्लं अंगावरून सुटली की आईला न्यायचं, मी पैसे पाठवतो, पिल्लांना घरं बघतो. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

"टाके सुकायला किती दिवस लागतात रे?" त्यांनी विचारलं. "तवर तिला खोलीत ठेवावं लागंल ना?"