ॲप अचानक बंद का पडतं? सेगमेंटेशन फॉल्ट, स्टॅक ओव्हरफ्लो आणि सी प्रोग्रामचे शेवटचे शब्द

तुम्ही फोटो एडिट करताय, लॅपटॉपवर मोठी फाइल उघडताय आणि अचानक ॲप गायब. ना एरर, ना सूचना. लिनक्सच्या टर्मिनलवर हाच प्रकार झाला तर एक रुक्ष ओळ दिसते : 'सेगमेंटेशन फॉल्ट'. सी शिकलेल्या जवळपास प्रत्येकाने ही ओळ कधी ना कधी पाहिलेली असते.

गंमत म्हणजे ही ओळ त्या प्रोग्रामने लिहिलेली नसते. तो तर तोवर संपलेला असतो. ओळ लिहितो शेल, म्हणजे ज्याने तो प्रोग्राम चालू केला होता तो.

मग प्रश्न पडतो, जाण्याआधी प्रोग्रामला स्वतःहून दोन शब्द बोलता येतात का? आणि तेही लिनक्स, विंडोज, मॅक अशा सगळीकडे सारखेच? उत्तर आहे, हो. पण त्याची सोय संकट येण्याआधीच करून ठेवावी लागते. कशी, ते समजून घेऊ.

मेमरी फॉल्ट म्हणजे नेमकं काय?

ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रामला मेमरी पानांच्या हिशेबाने वाटून देते. नेहमीच्या लॅपटॉपवर असं एक पान ४,०९६ बाइटचं असतं. कोणतं पान कुणाच्या नावावर, त्यावर फक्त वाचता येईल की लिहिताही येईल, याची नोंद ठेवलेली असते. हा मेमरीचा सातबाराच म्हणा ना. प्रत्येक वेळी मेमरीला हात लावताना प्रोसेसर ही नोंद तपासतो.

सी भाषेतला पॉइंटर हा मात्र शेवटी एक आकडा असतो. तो आकडा बरोबर आहे का, हे सी भाषा तपासत बसत नाही. त्यामुळेच ती वेगवान आहे आणि त्यामुळेच धोकादायकही. चुकीच्या पॉइंटरमुळे प्रोग्रामने दुसऱ्याच्या पानावर पाय ठेवला, की प्रोसेसर ती सूचना जागीच थांबवतो आणि प्रकरण कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे जातं. कर्नल आधी बघतो की ते पान प्रोग्रामचंच आहे, पण अजून मेमरीत आणलेलं नाही, असं तर नाही ना. तसं असेल तर तो गुपचूप पान आणून देतो. तसं नसेल तर प्रोग्रामला 'सिगसेगव्ही' नावाचा सिग्नल पाठवतो. लिनक्सवर त्याचा क्रमांक ११. विंडोजवर याच गोष्टीला 'ॲक्सेस व्हायोलेशन' म्हणतात. प्रोग्रामने आधी काही सोय केली नसेल, तर त्याचा खेळ तिथेच संपतो.

एवढी कडक शिक्षा कशासाठी?

बाकीच्यांना वाचवण्यासाठी. एक ॲप मेलं तरी फोन चालू राहतो, तो या शिस्तीमुळेच. हीच चूक खुद्द कर्नलमध्ये झाली तर? १९ जुलै २०२४ रोजी जगाने ते पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा विंडोजच्या कर्नलमध्ये चालणारा भाग २० मूल्यांच्या यादीत २१वं मूल्य वाचायला गेला. वर सांभाळणारं कुणीच नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख मशिन्स निळ्या स्क्रीनवर अडकली. भारतात इंडिगोच्या प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले आणि त्यांचे फोटो सगळीकडे फिरले.

आणि स्टॅक ओव्हरफ्लो?

लग्नाच्या मांडवातली ताटांची चवड डोळ्यांसमोर आणा. प्रोग्राममध्ये एका फंक्शनने दुसरं फंक्शन बोलावलं, की चवडीवर एक ताट चढतं. काम संपलं, की ते उतरतं. या ताटात त्या फंक्शनची स्वतःची माहिती आणि परत कुठे जायचं याचा पत्ता असतो. ही चवड म्हणजेच स्टॅक.

चवडीला उंचीची मर्यादा असते. लिनक्सवर मुख्य स्टॅक साधारणपणे ८ एमबीपर्यंत वाढू शकतो, विंडोजवर तो बहुतेकदा १ एमबीचा असतो. म्हणूनच एकच प्रोग्राम इकडे सुरळीत चालतो आणि तिकडे कोसळतो. स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारं फंक्शन कुठे थांबायचं हेच विसरलं, की चवड वाढतच जाते. कधी कधी कोड बरोबर असतो, पण समोरून आलेल्या फाइलमध्ये कंसात कंस, त्यात कंस असे हजारो थर असतात. तेव्हाही तेच होतं.

स्टॅकच्या टोकाला मुद्दाम एक बंद पट्टा ठेवलेला असतो. त्याला 'गार्ड पेज' म्हणतात. चवड तिथे टेकली, की तोच मेमरी फॉल्ट होतो.

मरण्याआधी बोलायचं कसं?

प्रोग्राम आधीच सांगून ठेवू शकतो : 'हा सिग्नल आला, की मला मारण्याआधी माझं अमुक फंक्शन चालवा.' या फंक्शनला सिग्नल हँडलर म्हणतात. युनिक्स घराण्यात 'सिगॲक्शन' या कॉलने तो बसवता येतो आणि नेमक्या कोणत्या पत्त्यावर गडबड झाली तेही हँडलरला कळतं.

खरा पेच स्टॅक ओव्हरफ्लोच्या वेळी येतो. हँडलर हेही एक फंक्शनच. त्यालाही चवडीवर एक ताट लागतं. पण चवड तर भरलेली! मग कर्नलला हँडलर चालवताच येत नाही आणि प्रोग्राम एक शब्दही न बोलता संपतो.

यावर उपाय म्हणजे राखीव जागा. 'सिगऑल्टस्टॅक' या कॉलने प्रोग्राम सुरुवातीलाच एक छोटा पर्यायी स्टॅक बाजूला काढून ठेवतो आणि हँडलर तिथेच चालवा असं सांगतो. घराचा दरवाजा आतून अडकला तर शेजाऱ्याकडे ठेवलेली किल्ली कामी येते, तसंच हे. फक्त ही किल्ली प्रत्येक थ्रेडसाठी वेगळी ठेवावी लागते, हे अनेकजण विसरतात.

मग सगळीकडे चालेल असं लिहिणं अवघड का?

• सी भाषेचं मानक फार थोडं सांगतं. सिगसेगव्ही हे नाव त्यात १९८९पासून आहे. पण फॉल्टचा पत्ता, पर्यायी स्टॅक, गार्ड पेज यातलं काहीच नाही. खऱ्या मेमरी फॉल्टनंतर हँडलरमधून सरळ परत आलात तर पुढे काय होईल, याची हमी मानक देत नाही.

• एकच चूक, नावं वेगळी. काही सिस्टिम्स ज्या चुकीला सिगसेगव्ही म्हणतात, तिलाच काही 'सिगबस' म्हणत आल्या आहेत. विंडोजची पद्धत तर पूर्ण वेगळी. तिथे स्टॅक ओव्हरफ्लोला स्वतंत्र कोड आहे. पण एकदा उडालेलं गार्ड पेज पुन्हा बसवलं नाही, तर दुसऱ्या वेळी प्रोग्राम थेट संपतो.

• ओव्हरफ्लो की भरकटलेला पॉइंटर? युनिक्स सिस्टिम्सवर सहसा दोन्हींचा सिग्नल एकच. फरक ओळखायचा तर स्टॅक कुठे आहे आणि फॉल्ट त्याच्या कडेजवळ झाला का, हे शोधावं लागतं. मेमरीचा नकाशा मिळवायची रीत प्रत्येक सिस्टिमवर निराळी.

• आकडेही बदलतात. पर्यायी स्टॅक किती मोठा असावा यासाठी सिस्टिम एक आकार सुचवते. अनेकांनी तो कायमचा ठरलेला धरला. नव्या प्रोसेसरमधले रजिस्टर मोठे झाले, तशी ती जागा अपुरी पडू लागली. २०२१मध्ये ग्लिबसी या लायब्ररीच्या २.३४ आवृत्तीत तो आकडा स्थिर राहिला नाही आणि एम४सारख्या जुन्या प्रोग्रामचा कोड कंपाइलच होईना.

यावर तयार उपाय आहे का?

आहे. 'लिबसिगसेगव्ही' ही ग्नू प्रकल्पाची लायब्ररी याच कामासाठी आहे. ब्रुनो हायबले हे तिचे मुख्य लेखक. तुम्ही दोनच गोष्टी सांगायच्या : मेमरी फॉल्ट झाला तर हे फंक्शन, स्टॅक ओव्हरफ्लो झाला तर ते. लिनक्स, मॅक, विंडोज, बीएसडी यांच्यातले फरक लायब्ररी आत सांभाळते.

फॉल्ट पकडणं हे फक्त निरोपापुरतं नसतं. क्लिस्प हा लिस्प भाषेचा प्रोग्राम काही पानांवर मुद्दाम लिहायला बंदी घालतो. त्या पानावर कुणी लिहिलं, की फॉल्ट होतो आणि कचरा गोळा करणाऱ्या यंत्रणेला कळतं, 'हे पान बदललंय.' जावाचं हॉटस्पॉट इंजिनही रिकामा पॉइंटर दर वेळी तपासत बसत नाही. फॉल्ट झाला, की तो पकडतं आणि प्रोग्रामरला नेहमीचं 'नल पॉइंटर एक्सेप्शन' दाखवतं.

हँडलरमध्ये काय करावं, काय टाळावं?

फॉल्ट कुठल्याही क्षणी होऊ शकतो, अगदी मेमरी वाटपाचं काम अर्धवट असतानाही. अशा वेळी हँडलरने 'प्रिंटएफ' किंवा 'मॅलॉक' वापरलं, तर प्रोग्राम स्वतःच लावलेल्या कुलपासमोर कायमचा उभा राहू शकतो. म्हणून सिग्नलमध्ये सुरक्षित अशा मोजक्या कॉल्सनीच एक आधी तयार ठेवलेला संदेश लिहावा आणि मूळ सिग्नल नेहमीच्या रीतीने पुन्हा उठवून संपावं. म्हणजे चौकशीसाठी लागणारी कोअर फाइलही मिळते. ग्रेप हा शोधाचा प्रोग्राम 'स्टॅक ओव्हरफ्लो' एवढं सांगून थांबतो. तेवढं पुरतं.

फॉल्ट दाबून पुढे गेलं तर?

तो मोह टाळलेला बरा. फॉल्ट हा शत्रू नाही, तो धोक्याची घंटा आहे. खरी भीती घंटा न वाजण्याची. २०१४मध्ये उघड झालेल्या हार्टब्लीड त्रुटीत ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर मर्यादेबाहेरची ६४ केबीपर्यंत मेमरी वाचून समोरच्याला देत होतं. पण ती पानं त्याच प्रोग्रामच्या नावावर होती, म्हणून सहसा ना फॉल्ट, ना क्रॅश. गुपितं मात्र बाहेर जाऊ शकत होती.

गार्ड पेजही अभेद्य नाही. २०१७मध्ये क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की स्टॅक एकाच उडीत ते पान ओलांडू शकतो. त्या हल्ल्याला 'स्टॅक क्लॅश' म्हणतात. त्यानंतर लिनक्सने तो पट्टा एका पानावरून १ एमबीपर्यंत वाढवला. म्हणून हँडलर बसवाच, पण चूक शोधायला व्हॅलग्रिंड आणि ॲड्रेससॅनिटायझरसारखी साधनंही वापरा.

याचा तुमच्याशी काय संबंध?

ॲप बंद पडल्यावर 'रिपोर्ट पाठवायचा का?' असं विचारलं जातं, तेव्हा अनेकदा मागे असंच एखादं हँडलर असतं. क्रोम ब्राउझर त्यासाठी क्रॅशपॅड वापरतो. त्या रिपोर्टमुळे चूक नेमकी सापडते. पण त्यात त्या क्षणीच्या मेमरीचा तुकडाही असू शकतो आणि त्यात तुम्ही नुकतंच टाइप केलेलं काहीतरी. त्यामुळे ओळखीच्या, विश्वासाच्या ॲपला रिपोर्ट जरूर पाठवा. बँकेचं किंवा खासगी काम चालू असताना ते कोसळलं असेल, तर 'पाठवा' दाबण्याआधी क्षणभर थांबा.