आदिलाबाद : ख्रिस्ती विचार आणि संस्कृती

पैनगंगेच्या दक्षिणेला मराठी, तेलुगू आणि गोंडी एकाच बाजारात कानावर पडतात. या मुलखात ख्रिस्ती धर्म एका वाटेने आला नाही, त्यामुळे त्याचा विचारही एका भाषेत मावत नाही. आज तेलंगणात असलेला आदिलाबाद जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा तेव्हा याच जिल्ह्याचे तालुके होते.

राज्यांची सीमा नव्याने ठरली, तरी कॅथलिक धर्मप्रांत बराच काळ त्या सीमेपलीकडे पसरलेला राहिला. आदिलाबाद हा चांदा, म्हणजे चंद्रपूरच्या सिरो-मलबार धर्मप्रांताचा भाग होता. १९९९ मध्ये तो वेगळा झाला. त्याचे केंद्र मंचेरियाल येथे आहे. हे गाव २०१६ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे आहे. पहिले बिशप जोसेफ कुन्नत हे केरळात १८३१ साली स्थापन झालेल्या सीएमआय (कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट) या संन्यासी संघाचे होते. संत थॉमसची परंपरा सांगणाऱ्या सिरो-मलबार चर्चची उपासना पूर्व-सिरियाक वळणाची आहे, लॅटिन नव्हे. पूर्वेकडील चर्चनाही सुवार्ता सांगण्याचा समान हक्क आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट केले. चांदा हे त्या हक्काचे केरळबाहेरचे आरंभीचे क्षेत्र होते.

राजकारणात येथील सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न जातीचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला गेला. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये खुला झाला, ख्रिस्ती दलितांना नाही. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. त्यामुळे ख्रिस्ती झालेला गोंड वा कोलाम आदिवासीच राहतो, पण ख्रिस्ती झालेला माला किंवा मादिगा या दलित जातींतला माणूस तेलंगणात मागासवर्गाच्या ‘क’ गटात जातो, आणि आरक्षणात त्या गटाचा वाटा अवघा १ टक्का आहे. बाप्तिस्म्याने गावातली जात पुसली जात नाही, कागदावरचे संरक्षण मात्र जाते. हा अन्याय आहे, आणि चर्चच्या शिकवणीत त्याची चर्चा पापपुण्याइतक्याच गांभीर्याने व्हायला हवी.

तेलुगू साहित्यात हीच वेदना गुर्रम जाशुवा (१८९५–१९७१) यांनी मांडली. १९४१ च्या ‘गब्बिलम’ या काव्यात अस्पृश्य माणूस शंकराकडे निरोप पाठवतो तो वटवाघळाकरवी, कारण देवळात त्याला मज्जाव आहे, वटवाघळाला नाही. कालिदासाच्या ‘मेघदूता’तल्या मेघाची जागा इथे अशुभ मानलेल्या जिवाने घेतली आहे. विनुकोंड्याच्या या ख्रिस्ती कवीला ‘क्रीस्तु चरित्र’साठी १९६४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मराठी बाजूला ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणले. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरे राहिले, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. गोंडी परंपरेची नोंदही आधी एका मिशनऱ्याने केली : नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी टिपलेली लिंगोची गाथा त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये छापली गेली. धर्मांतर घडवायला आलेल्या माणसाने गोंडांच्या स्वतःच्या दैवतकथेला छापील रूप मिळवून दिले, हे त्याचे मोठे काम.

लोकप्रिय संस्कृतीत १९७८ चा तेलुगू चित्रपट ‘करुणामयुडु’ सर्वांत दूर पोहोचला. विजयचंदर यांनी साकारलेला येशू हिंदीत ‘दयासागर’ नावाने खेडोपाडी पडद्यावर दाखवला गेला.