गाणे, मौन आणि घरची बोली : पडद्यावरील आदिवासी-विमुक्त कुटुंब

मराठी चित्रपटाच्या इतिहासात आदिवासी आणि विमुक्त-भटके समाज अनुपस्थित आहेत, असे सरसकट विधान करता येणार नाही. ढोल, नाच, जत्रा, जंगल या रूपांत ते पडद्यावर वारंवार येऊन गेले आहेत. अभाव आहे तो निराळ्या गोष्टीचा. ‘जमात’ दिसली, तिचे घर क्वचितच दिसले. आई मुलाशी कोणत्या भाषेत बोलते, बाप कोणता धंदा मुलाच्या हाती देतो, मुलगा त्यातले काय घेतो आणि काय नाकारतो, हे प्रश्न पडद्याने फार उशिरा विचारले. सांस्कृतिक वारसा म्हणून आपण जे गौरवितो त्याचे प्रत्यक्ष संक्रमण घरातच होत असते. त्यामुळे पडद्यावरील कुटुंबाचा इतिहास हा या समाजांच्या अस्मितेकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीचाच इतिहास ठरतो. प्रस्तुत निबंधात या इतिहासातील काही निर्णायक टप्प्यांचा विचार करावयाचा आहे.

आरंभी संज्ञांचा गुंता ध्यानात घ्यावयास हवा. आदिवासी आणि विमुक्त-भटके हे प्रवर्ग एक नव्हेत. मात्र त्यांच्यातील सीमारेषा संस्कृतीने आखलेली असते त्यापेक्षा अधिक शासनव्यवहाराने आखलेली असते. निलंग्यासारख्या ठिकाणी याचा प्रत्यय सहज येतो. पूर्वी हैदराबाद संस्थानच्या बीदर जिल्ह्यात असलेला हा तालुका १९५६च्या राज्यपुनर्रचनेत मराठी मुलखात आला आणि एकाच संस्थानचे लंबाणी तांडे तीन राज्यांत विभागले गेले. आज हाच समाज कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती गणला जातो. कैकाडी समाजाची स्थितीही अशीच आहे. विदर्भात तो अनुसूचित जातींच्या यादीत आहे, उर्वरित महाराष्ट्रात विमुक्तांच्या. याद्या बदलतात, तांड्यावर आईला मात्र तिन्ही राज्यांत ‘याडी’च म्हणतात.

याहून महत्त्वाची बाब अशी, की वसाहतकालीन कायद्याने या समाजांच्या कुटुंबालाच आरोपी केले होते. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आणि त्याचे पुढील विस्तार यांनी गुन्हा हा व्यक्तीच्या कृतीत न पाहता जन्मात पाहिला. मूल जन्मताच संशयित ठरे. १९५२ साली हा कायदा रद्द झाला. परंतु गावाच्या आणि पोलीस पाटलाच्या नजरेतून तो पुसला गेला नाही. ‘वारसा’ या शब्दाला या समाजांपुरती दुसरी, काळी बाजू आहे. गाणे, देव, कसब यांच्याबरोबर कलंकही येथे वारशानेच मिळालेला आहे. वारशाची केवळ पहिली बाजू दाखविणारे चित्रण कितीही सुंदर असले, तरी ते अर्धेच असते.

‘जैत रे जैत’ (१९७७) हे या सुंदर अर्धेपणाचे श्रेष्ठ उदाहरण होय. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी केलेला हा चित्रपट कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकरांचा आहे. राणीमाशीशी वैर धरणारा ढोलिया नाग्या आणि नवऱ्याला सोडून स्वतःच्या इच्छेने त्याची निवड करणारी चिंधी यांची ही कथा गाण्यांतून पुढे सरकते. श्रद्धा, पुण्य, देवाशी भांडण्याचा अधिकार अशी गंभीर आशयसूत्रे तीत आहेत. चिंधीच्या रूपाने मराठी पडद्याला एक स्वाधीन स्त्री लाभली, हे श्रेयही निर्विवाद आहे. तथापि हे ठाकर ज्या भाषेत गातात ती कोणाची, हा प्रश्न विचारावाच लागतो. गीते ना. धों. महानोरांची आहेत. त्यांत मराठवाड्यातील शेतकरी कवीने आत्मसात केलेली लोकगीतांची लय आहे. ती अस्सल आहे, पण ठाकरी बोलीची नव्हे. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. परिणामी येथील जमात हा एक समूहस्वर बनतो. समूह गातो, कुटुंब बोलत नाही. आदिवासी जीवन हे मध्यमवर्गीय रसिकतेला हरवलेल्या निसर्गसंपन्नतेचे प्रतीक म्हणून हवे होते. तशी ती गरज या चित्रपटाने फार उंचीवरून भागविली.

तीनच वर्षांनी आलेल्या ‘आक्रोश’ने (१९८०) हे गाणे बंद केले. चित्रपट हिंदी असला, तरी त्याचे लेखन विजय तेंडुलकरांचे आणि दिग्दर्शन गोविंद निहलानींचे आहे. पत्नीच्या खुनाचा खोटा आरोप असलेला लहान्या भिकू आपल्या वकिलापुढे तोंड उघडत नाही. त्याच्याविरुद्ध उभा असलेला सरकारी वकील दुसाने हा स्वतः आदिवासी आहे. एकाने न्यायालयाची भाषा मिळविली आणि आपल्या माणसांची गमावली. दुसऱ्याजवळ न्यायालयात चालेल अशी भाषाच नाही. अखेरीस वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळी लहान्या आपल्या तरुण बहिणीला ठार करतो, कारण पत्नीच्या वाट्याला जे आले ते तिला चुकविण्याचा दुसरा मार्ग त्याला दिसत नाही. कुटुंब येथे प्रथमच कथेच्या केंद्रस्थानी येते, परंतु येते ते नष्ट होण्यासाठी. त्याचे मौन हा व्यवस्थेवरील भेदक आरोप आहे; तरीही त्या मौनाचा अर्थ प्रेक्षकाला समजावून देणारी जाणीव पांढरपेशा वकिलाचीच राहते.

गाणे आणि मौन यांपलीकडे जाण्याची वाट चित्रपटाला साहित्याने दाखविली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली, म्हणजे ‘आक्रोश’च्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली. दोहोंनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘उचल्या’चा प्रदेश तर लातूर जिल्ह्यातील धनेगावचा, आमच्या अगदी निकटचा. या आत्मकथनांचे वाङ्मयेतिहासातील स्थान आपण बहुधा दुःखाच्या अनुभवाच्या संदर्भात निश्चित करतो. माझ्या मते त्यांचे तितकेच मोठे कार्य म्हणजे त्यांनी जमातीच्या जागी कुटुंब आणले. टोपल्या विणणारी, गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारी आई-बापांची जोडी. चोरीचे शिक्षण आणि शाळेचे शिक्षण यांच्या कात्रीत सापडलेले पोर. जातपंचायतीचा धाक — हे सारे आतून, नात्यांच्या भाषेत सांगितले गेले. वारसा येथे प्रदर्शनाची वस्तू राहिला नाही. ज्याच्याशी झगडावे लागते आणि जो टाकूनही टाकला जात नाही, असा तो जिवंत प्रश्न बनला.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१४) हा या आत्मकथनांच्या परंपरेचा पडद्यावरील वारसदार होय. ‘जैत रे जैत’शी त्याचे नाते त्या मानाने दूरचे आहे. शीर्षकापासूनच हे जाणवते. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला हा शब्द सर्वस्वी अनोळखी वाटला. सीमाभागात कन्नड ‘हंदि’ आणि तेलुगू ‘पंदि’ ऐकत वाढलेल्या कानाला मात्र त्याचे गोत्र ओळखू येते. कैकाडी ही द्राविड कुळातील बोली. तमिळमध्येही डुकराला याच धातुकुळीचा शब्द आहे. म्हणजे गावकुसाबाहेरच्या एका झोपडीत दक्षिण भारताच्या भाषिक इतिहासाचा एक जिवंत धागा सांभाळला जात होता, आणि गावाने तोच शब्द शिवी म्हणून उचलला. गाव ‘फँड्री’ म्हणून हिणवते तेव्हा वारसा आणि कलंक एकाच उच्चारात एकत्र येतात. माने कुटुंबातील संवादांत कैकाडी ऐकू येते, हे म्हणूनच वास्तवाभासासाठी केलेले सुशोभन नाही. तो चित्रपटाचा आशयच आहे.

जब्याची धडपड या घरातून बाहेर पडण्याची आहे. त्याला जीन्सची पॅण्ट हवी आहे, शाळा हवी आहे, शालू हवी आहे. बाप कचरू त्याला डुकरे पकडावयास नेतो. यात बाप खलपुरुष नाही. मुलीच्या लग्नासाठी त्याला पैसा हवा आहे आणि गावाने त्याला दुसरे काम ठेवलेले नाही. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच डुकराचा पाठलाग करणारे हे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. राष्ट्र आणि घर यांच्यातील विसंवाद इतक्या थोडक्यात मराठी पडद्यावर क्वचितच व्यक्त झाला असेल. पुढे मारलेले डुक्कर बांबूला बांधून हे कुटुंब ज्या भिंतीसमोरून जाते, तिच्यावर आंबेडकर, फुले, शाहू यांची चित्रे रंगविलेली आहेत. परिवर्तनाचा वारसा भिंतीवर आणि जन्माचा वारसा खांद्यावर, अशी ही विभागणी आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. मंजुळे स्वतः वडार समाजातील. कैकाड्यांचे घर त्यांनी बाहेरूनच पाहिले, असे कोणी म्हणेल. या संदर्भात न्यूझीलंडमधील माओरी दिग्दर्शक बॅरी बार्कले यांचा विचार उपयुक्त ठरतो. ‘न्गाती’ (१९८७) हा चित्रपट करणाऱ्या बार्कले यांनी पुढे ‘चौथा सिनेमा’ ही संकल्पना मांडली. आजवरचा कॅमेरा परक्यांच्या जहाजावरून किनाऱ्याकडे पाहत आला. तो किनाऱ्यावरील माणसांच्या हाती आला तर काय दिसेल, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. कॅनडातील झकारायस कुनुक यांनी ‘अतानारजुआत’ (२००१) संपूर्णपणे इनुक्टिटुट भाषेत करून या प्रश्नाचे एक उत्तर दिले. परंतु आपल्याकडे जहाज आणि किनारा अशी स्वच्छ विभागणी नाही. येथे एका गावकुसाबाहेर अनेक समाज असतात, त्यांच्या बोली भिन्न असतात, अपमानाचा अनुभव मात्र एकमेकांना ओळखू येतो. मंजुळे यांचे नाते त्या सामायिक अनुभवाशी आहे. ते पुरेसे आहे की नाही याचा निर्णय अखेर कैकाडी दिग्दर्शकाच्या चित्रपटानेच व्हावयाचा आहे.

दूरचित्रवाणीचा विचार केल्यास चित्र अधिक निराशाजनक दिसते. कुटुंब हाच मालिकांचा कच्चा माल. पण मालिकेतील कुटुंब प्रायः वाड्यात वा बंगल्यात राहते. ‘जय मल्हार’ने (२०१४–२०१७) खंडोबाच्या संसारात धनगर बाणाईला मानाचे स्थान दिले, कारण लोकपरंपरेनेच ते दिलेले होते. परंतु मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत त्याच खंडोबाच्या साक्षीने ज्या भटक्या जमातींच्या पंचायती भरत आल्या, त्यांचे संसार मालिकेच्या कक्षेत येत नाहीत. देवाचे घर दाखविता येते, भक्ताचे पाल दाखविण्याची सोय नसते.

हा प्रश्न केवळ चित्रपटसमीक्षेचा नाही. आमच्या वर्गांत तांड्यावरून आणि पालांवरून आलेली मुले बसतात. प्रमाण मराठी ती मेहनतीने आत्मसात करतात आणि घरच्या बोलीविषयी विचारले असता मान खाली घालतात. साहित्यातील देशीयतेची चर्चा आपण पुष्कळ केली. पण त्या देशीयतेत गोरमाटी आणि कैकाडी यांना जागा किती, हे फारसे तपासले नाही. ज्या मुलाची बोली कधी पुस्तकात वा पडद्यावर आली नाही, त्याला ती लपविण्याजोगीच वाटणार. ‘फँड्री’च्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे पाहणाऱ्यावर येतो. समीक्षेने त्यातील विद्रोहाचे भरपूर कौतुक केले. परंतु तो दगड ज्या घरातून आला, त्या घराची भाषा शिकून घेण्याची जबाबदारी अद्याप आपण पत्करलेली नाही.