थळ घाट आणि इंजिनचालकाची झोप

थळ घाटातून रेल्वेमार्ग १८६५ मध्ये खुला झाला आणि नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकावरचे इगतपुरी रेल्वेचे ठाणे बनले. कसाऱ्याहून वर येणारा चढ सदतीस फुटांना एक फूट. गाडीला जादा इंजिन जोडावे लागे. उतरताना सारी भिस्त ब्रेकवर आणि तो हाताळणाऱ्या माणसाच्या जागेपणावर.

१९३० च्या सुमारास घाट विजेवर आला. तरी इगतपुरीपुढे मनमाड-भुसावळकडे गाडी वाफेवरच धावे.

मालगाडीच्या चालकाच्या झोपेला वेळ ठरलेली नसे. रेल्वे वसाहतीत रात्री-अपरात्री 'कॉलबॉय' दार ठोठावी, वहीत सही घेई आणि ड्रायव्हर, फायरमन शेडची वाट धरीत. परगावी उतरल्यावर रनिंग रूममधली खाट. पुष्कळदा भर दिवसा, गोंगाटात. दिवसाची झोप रात्रीची उणीव पुरती भरून काढत नाही आणि पहाटेच्या प्रहरी सावधपणा सर्वांत खालावतो, हे विज्ञानाने पुढे मोजून दाखवले. भट्टीसमोर उभ्या असलेल्यांना ते आधीच ठाऊक असणार.

कामाच्या तासांवरील १९१९ चा वॉशिंग्टन करार भारताने १९२१ मध्ये स्वीकारला. त्यानुसार १९३० मध्ये रेल्वे कायदा दुरुस्त झाला व आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली. पण नियमांतून 'रनिंग स्टाफ', म्हणजे चालत्या गाडीवरचे कर्मचारीच वगळले गेले! स्थानकातल्या माणसाचे तास मोजले गेले. शेकडो प्रवासी घेऊन रात्रभर इंजिन हाकणाऱ्याचे नाहीत. याला निव्वळ विसर म्हणणे कठीण. गाड्या उशिरा धावत, आणि त्या उशिराची किंमत चालकाच्या झोपेतून वसूल करणे रेल्वेला सोयीचे होते.

न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या १९४७ च्या निवाड्याने ही माणसे नियमांत आली. सलग काम सामान्यतः दहा तासांपलीकडे नसावे, असे ठरले. 'सामान्यतः' या शब्दात बरेच मावले. लांबलेल्या पाळ्या चालूच राहिल्या.

ऑगस्ट १९७३ मध्ये इंजिनचालकांनी संप केला, तेव्हा सरकारने दहा तासांची मागणी मान्य केली. ८ मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात आठ तासांच्या दिवसाची मागणी होती. तो वीस दिवसांत मोडला गेला.

हे दहा तासही हजेरीच्या सहीपासून मोजायचे. कॉलबॉयने दार ठोठावलेले असे ते त्याच्या कितीतरी आधी.