बातमी जिथं पारखली जाते

पेपर आपल्या सगळ्यांच्या घरात येतो. कुणी वाचतं, कुणी फडताळात अंथरतं, कुणी त्यात भाकरी बांधून रानात नेतं. पण त्यातली बातमी लिहितं कोण आणि ती खरी की खोटी हे ठरवतं कोण? आज आपण वृत्तपत्राच्या संपादकीय खोलीत डोकावू. खोली आपल्याच छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादची आणि वृत्तपत्राचं नाव ‘मराठवाडा’.

आधी तिथलं काम कसं चालतं ते पाहू. बातमी येते गावातून. तालुक्याचा बातमीदार घटना पाहतो, माणसांना भेटतो आणि मजकूर पाठवतो. आज तो मोबाईलवरून जातो. पूर्वी पोस्टानं नाहीतर तारेनं जायचा, कधी एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाकीट द्यायचे. तो मजकूर उपसंपादकाच्या टेबलावर पडतो. आपण डाळ सुपात घेऊन पाखडतो ना, तसं त्याचं काम. हे कुणी सांगितलं? स्वतः पाहिलं की ऐकलं? ज्याच्यावर आरोप आहे, त्याला विचारलं का? नाव, गाव, आकडा बरोबर आहे का? उत्तर मिळालं नाही तर बातमी थांबते. उरलेला मजकूर तो नीट लिहितो आणि मथळा देतो. पूर्वी मग जुळारी एकेक खिळा उचलून शब्द जुळवायचा आणि मुद्रितशोधक चुका काढायचा. आता तेच काम संगणकावर होतं. संध्याकाळच्या बैठकीत पहिल्या पानावर काय जाणार ते ठरतं. शेवटचा शब्द संपादकाचा, आणि छापलेल्या ओळीबद्दल कोर्टात उभं राहायची वेळ आली तर जबाबदारीही त्याचीच.

आता ‘मराठवाडा’ची गोष्ट. १९३८ साली आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथं सरकारविरुद्ध छापणं म्हणजे विस्तवाशी खेळ. म्हणून आ. कृ. वाघमारे यांनी हे साप्ताहिक संस्थानाच्या बाहेरून, पुण्याहून काढलं. निजाम सरकारनं बंदी घातली की ते नाव बदलून पुन्हा निघायचं. नाव नवं, मजकूर तोच: आपल्या लोकांवर काय चाललंय ते.

त्या काळी बातमीची किंमत काय होती, हे हैदराबादच्या शोएबुल्लाखान यांच्यावरून कळतं. ते ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक. संस्थानानं भारतात सामील व्हावं आणि रझाकारांचा जुलूम थांबावा, असं ते उघड लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री कामावरून घरी परतताना त्यांची हत्या झाली. ज्या हातानं लिहीत, तो हातही मारेकऱ्यांनी तोडला. महिनाभराच्या आतच, १७ सप्टेंबरला, संस्थान मुक्त झालं. त्या दिवशी आपण झेंडावंदन करतो, तेव्हा या संपादकाचीही आठवण ठेवू या.

मुक्तीनंतर ‘मराठवाडा’ औरंगाबादला आलं, पुढं दैनिक झालं. अनंत भालेराव त्याचे संपादक. वैजापूर तालुक्यातल्या खंडाळ्याचे, मुक्तिसंग्रामात लढलेले. दुष्काळ, रेल्वे, पाणी, मराठवाड्याचा मागासलेपणा, हे प्रश्न या पेपरनं लावून धरले. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली. छापण्याआधी मजकूर सरकारी अधिकाऱ्याला दाखवण्याची सक्ती झाली. त्या काळात भालेरावांना तुरुंगवास झाला.

पण मैत्रिणींनो, इतिहास सांगायचा तर पुरता सांगावा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं मारली गेली, लेकराबाळांसह बायांना गाव सोडावं लागलं. निजामाला न भ्यालेल्या याच वृत्तपत्रानं नामांतराला विरोध केला होता. त्यावर तेव्हाही कडक टीका झाली आणि अजून होते. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

यातून आपण काय घ्यायचं? त्या खोलीत माणसं शूर आहेत, एवढं पुरेसं नाही. तिथं कोण बसलंय आणि कोण बसलेलंच नाही, हेही पाहावं लागतं. जळालेल्या वस्तीतली बाई त्या टेबलाशी असती, तर प्रश्न वेगळे विचारले गेले असते.

बाईला ते काम जमतं, हे तर शंभर वर्षांपूर्वीच दिसलं आहे. सत्यशोधक चळवळीचं ‘दीनबंधु’ हे पत्र पती वासुदेवराव वारल्यावर तानुबाई बिर्जे यांनी चालवलं. त्या संपादक होत्या. शेतकरी, कष्टकरी आणि बायकांचं शिक्षण यावर त्या लिहीत.

मग आपल्या गटानं काय करायचं? हातपंप बंद असेल, रेशन कमी मिळत असेल, रोजगार हमीची मजुरी अडली असेल, तर नुसतं ‘अन्याय होतोय’ म्हणून बातमी होत नाही. उपसंपादक जे विचारणार, ते आपणच आधी कागदावर लिहू. कधीपासून? कुठं? किती घरं? कुणाकडं अर्ज दिला, कोणत्या तारखेला, पोच आहे का? ग्रामसेवक काय म्हणाले? त्यांची बाजूही लिहायची, कारण दोन्ही बाजू असलेली बातमी सहज खोडता येत नाही. आणि जिच्यावर अत्याचार झालाय, तिचं नाव कुणालाही द्यायचं नाही, मग समोरचा कितीही विचारो.

मोबाईलवर आलेला मजकूरही पुढं ढकलण्याआधी याच सुपातून काढू. कुणी सांगितलं, कुणी पाहिलं, एवढं विचारलं तरी निम्मी अफवा तिथंच गळते.

येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की अर्धा तास काढा. गावातला एक प्रश्न घ्या आणि त्याची बातमी दहा ओळींत लिहा. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, दुसरीनं लिहावं आणि तिसरीनं शंका काढाव्यात. तेवढा वेळ तुमचा ओटाच संपादकीय खोली झालेला असेल.